वाचकांचे प्रश्न : नाव मोठं की मिनिटं मोठी?

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगचा, २०२५-२६चा नवा हंगाम ७ ऑक्टोबर २०२५ला सुरू होतोय. त्याआधीच्या शनिवार-रविवारी इथे कॅनडातल्या ऑफिसांत आणि घराघरांत फँटसी हॉकीचे ड्राफ्ट होतील. या वेळची बहुतेक पत्रं खेळाडू कसे निवडायचे याबद्दलच आहेत, म्हणून हे पान पूर्ण त्यांनाच देतेय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: आपण कागदावर संघ बनवायचा, त्यातले खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्याला. एक खेळाडू लीगमध्ये एकाच्याच संघात, त्यामुळे निवड पाळीपाळीने होते (हाच ड्राफ्ट) आणि तिथेच खरी मजा आहे. पुढे येणारे काही शब्दही सांगून टाकते: गोली म्हणजे गोलरक्षक, स्केटर म्हणजे बाकीचे खेळाडू. असिस्ट म्हणजे गोलाआधीचा पास, पॉइंट म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून. प्लस-मायनस म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल. हिट म्हणजे अंगाने दिलेली धडक, सेव्ह म्हणजे गोलीने अडवलेला शॉट, शटआउट म्हणजे गोलीने एकही गोल न खाल्लेला सामना. गेली बरीच वर्षं आमच्या मित्रमंडळींच्या पूलचा, म्हणजे अशाच एका लीगचा, कारभार माझ्याकडे आहे. त्या अनुभवातून जे पटलंय तेवढंच इथे सांगते.

प्रश्न : ताई, मी गेल्या वर्षी नाशिकहून ब्रॅम्प्टनला आलो. ऑफिसातल्या दहा जणांच्या लीगमध्ये मला घेतलंय. क्रिकेट सोडून मला काही कळत नाही. आमच्याकडे गोल, असिस्ट, प्लस-मायनस, पॉवर प्लेचे पॉइंट, शॉट आणि हिट अशा सहा कॅटेगरी स्केटर्सच्या. विजय, खाल्लेल्या गोलांची सरासरी, सेव्हची टक्केवारी आणि शटआउट अशा चार गोलींच्या. दर आठवड्याला एका संघाशी लढत. दोन सेंटर, दोन लेफ्ट विंग, दोन राइट विंग, चार डिफेन्समन, दोन गोली आणि चार बेंचवर. ड्राफ्टमध्ये माझा नंबर सातवा लागलाय. पहिल्याच वर्षी तळाला जायचं नाहीये. कुणाला घेऊ?

उत्तर : लीगचे नियम तुम्ही आधीच नीट उतरवून काढलेत, हे फार चांगलं केलंत. निम्मी मंडळी ते न वाचताच ड्राफ्टला बसतात आणि डिसेंबरमध्ये विचारतात की हिटचे गुण कधीपासून धरायला लागले.

आता मुद्द्याचं. खेळाडूचं नाव बघायच्या आधी तो बर्फावर किती मिनिटं असतो आणि कुणाबरोबर असतो ते बघा. सामना साठ मिनिटांचा. संघाचे अठरा स्केटर आणि दोन गोली तयार असतात, पण बर्फावर एका वेळी साधारणपणे पाच स्केटर आणि एक गोली. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं आणि बदली व्हायचं, असं सामनाभर चालतं. फॉरवर्ड खेळाडूंच्या चार लाइन असतात, म्हणजे सेंटर आणि दोन विंग असे तिघा-तिघांचे गट. पहिल्या लाइनचा खेळाडू वीसेक मिनिटं खेळतो, चौथ्या लाइनचा आठ-दहा. पहिल्या जोडीतला डिफेन्समन चोवीस-पंचवीस मिनिटांपर्यंत जातो. तुम्ही क्रिकेटवाले, म्हणून तुमच्या भाषेत सांगते: टी-ट्वेंटीत सलामीला येणारा आणि आठव्या नंबरला येणारा, दोघंही तितकेच गुणी असले तरी धावा कोण जास्त करणार हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

झॅक हायमनचं उदाहरण घ्या. टोरांटोत असताना एका हंगामात २१ गोल ही त्याची सगळ्यात मोठी मजल होती. एडमंटनला गेला, कॉनर मॅकडेव्हिडच्या शेजारी खेळू लागला आणि २०२३-२४मध्ये त्याने ५४ गोल केले. खेळाडू तोच, नेटसमोर ठाण मांडून बसायची सवयही तीच. बदललं ते शेजारी कोण आणि मिनिटं किती एवढंच. त्याच्या पुढच्या वर्षी तो २७ गोलांवर आला. म्हणूनच गेल्या वर्षीचा आकडा बघून कुणाच्या मागे धावू नका. यंदा कोच त्याला कुठे खेळवतोय ते बघा.

मिनिटांमध्येही सगळ्यात मोलाची मिनिटं पॉवर प्लेची. समोरच्याने फाउल केला की त्यांचा एक खेळाडू दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, आणि आपण पाच विरुद्ध चार. प्रत्येक संघाचे पॉवर प्लेचे दोन गट असतात आणि पहिला गट त्या दोन मिनिटांतला मोठा भाग खाऊन टाकतो. २०२२-२३मध्ये एडमंटनच्या पॉवर प्लेने ३२.४ टक्के वेळा गोल केला, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या संधीला. एनएचएलच्या इतिहासातला तो विक्रम आहे. त्या वर्षी मॅकडेव्हिडने १५३ पॉइंट केले ते उगाच नाही. तुमच्या लीगमध्ये पॉवर प्लेची वेगळी कॅटेगरी आहे. म्हणजे असा एक गोल तुम्हाला गोलमध्येही मिळतो, पॉवर प्लेमध्येही आणि शॉटमध्येही.

इथे जरा थांबून एक हिशेब मांडू या, कारण दहातले आठ जण तो करत नाहीत. हल्ली बहुतेक संघांच्या पहिल्या पॉवर प्ले गटात चार फॉरवर्ड आणि एकच डिफेन्समन असतो. संघ ३२, म्हणजे असे डिफेन्समन साधारण ३२. तुमच्या लीगमध्ये दहा जणांना प्रत्येकी चार हवेत, म्हणजे ४०. सगळ्यांना पुरणारच नाहीत. सेंटरचं मात्र उलट आहे. हवेत वीस, आणि चांगले सेंटर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून सेंटरसाठी घाई नको. आठव्या-नवव्या फेरीतही चांगला मिळतो. पॉवर प्ले चालवणारा डिफेन्समन तेव्हा मिळणार नाही. कोलोरॅडोच्या केल मकारने गेल्या हंगामात डिफेन्समन असून ३० गोल आणि ९२ पॉइंट केले. तसा माणूस तुमच्याकडे असला की समोरच्याच्या चार डिफेन्समनवर तो एकटा भारी पडतो.

तुमचा नंबर सातवा. ड्राफ्ट नागमोडी असला, म्हणजे पहिली फेरी एक ते दहा आणि दुसरी दहा ते एक, तर तुमची पाळी ७, १४, २७, ३४ अशी येईल. मॅकडेव्हिड, मॅकिनन, कुचेरोव्ह, ड्रायसायटल आणि मकार सातव्यापर्यंत राहणार नाहीत, त्यांची आशा सोडा. मी तुमच्या जागी असते तर बॉस्टनचा डेव्हिड पास्त्रनाक घेतला असता. गेल्या वर्षी बॉस्टनचा संघ कोसळला तरी याचे ४३ गोल आणि १०६ पॉइंट झालेच. तो राइट विंग आहे, शॉट मारताना हात आखडता घेत नाही, आणि शॉट तुमच्याकडे वेगळे मोजतात. चौदाव्याला क्विन ह्यूज किंवा झॅक वेरेन्स्की यांच्यापैकी जो उरला असेल तो. ह्यूजने २०२३-२४मध्ये ९२ पॉइंट करून सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेतली होती, वेरेन्स्कीने गेल्या वर्षी ८२ पॉइंट केलेत. चौदावा आणि सत्ताविसावा यांच्या मध्ये बारा खेळाडू जातील. त्यामुळे चौदाव्याला निवडताना एकच विचार करा: या प्रकारचा खेळाडू सत्ताविसाव्याला मिळेल का? मिळणार असेल तर आत्ता दुसरं काहीतरी घ्या.

प्लस-मायनसच्या मागे अजिबात लागू नका. तो आकडा संघाचा असतो, नशिबाचाही असतो, आणि पॉवर प्लेवर केलेल्या गोलाचा प्लस मिळतसुद्धा नाही.

हे सगळं कळतं कुठून, असं तुम्ही विचाराल. सामन्याच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे बर्फावरची मिनिटं आणि सेकंद दिलेले असतात, पॉवर प्लेची वेगळी. आधी तो रकाना वाचा, गोल नंतर. घरी टीव्हीवर बघत असाल तर पेनल्टीची शिट्टी वाजल्यावर पक (खेळायची चकती) सोडा आणि बेंचकडे बघा. कोणते पाच जण बोर्डावरून (मैदानाच्या कठड्यावरून) पाय टाकून आधी उतरतात? तो पहिला गट. नवखा पोरगा त्यांच्यात दिसला तर नाव लगेच लिहून ठेवा. आणि सरावाची दृश्यं कधी दाखवली तर जर्सीचे रंग बघा. एका लाइनच्या तिघांना एकच रंग देतात. कोच तोंडाने काही न सांगता तिथे सगळं सांगून मोकळा होतो.

ड्राफ्ट जितका उशिरा तितका बरा, हे तुमच्या लीगच्या प्रमुखाला आवर्जून सांगा. २५ सप्टेंबरला फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह सरावातच पडला, गुडघा गेला, सात ते नऊ महिने बाहेर. ज्यांचा ड्राफ्ट त्याआधी उरकला होता त्यांची एक वरची निवड तिथेच संपली.

आणि शनिवारी रात्री टीव्हीवर ‘हॉकी नाइट’ या सामन्यांच्या कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन लावा. २००८मध्ये ते सुरू झालं. आपल्याला हिंदी येत असल्यामुळे बरंच समजतं, आणि ज्या जोशात ते गोल सांगतात त्याने नियमसुद्धा डोक्यात पक्के बसतात.

प्रश्न : मी आणि माझे यजमान मिळून एक संघ चालवतो. ते दर वर्षी पहिल्या फेरीत गोलीच घेतात. म्हणतात, गोली म्हणजे घराचा पाया. मला वाटतं पहिली निवड गोल करणाऱ्याची असावी. दर वर्षी यावरून वाद होतो. तुम्ही निकाल द्या. — मिसिसागाहून एक वाचक

उत्तर : तुमचे यजमान जे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण पहिल्या फेरीसाठी माझं मत तुमच्या बाजूने.

आधी त्यांची बाजू. दहातल्या चार कॅटेगरी गोलींच्या असतील तर दोन माणसं तुमची चाळीस टक्के लढत ठरवतात. संघ ३२, प्रत्येकाकडे मुख्य गोली एकच, आणि काही संघ तर दोघांत सामने वाटून देतात. दहा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने दोन-दोन घेतले की वीस उडाले. तिसरा घ्यायला गेलात तर गाळच उरतो. विनिपेगच्या कॉनर हेलबकने गेल्या हंगामात ४७ विजय, ८ शटआउट, सरासरी २.०० आणि सेव्हची टक्केवारी .९२५ अशी कामगिरी केली. सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी तर मिळालीच, शिवाय लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीसुद्धा, जी गोलीला क्वचित मिळते. असा माणूस हाती असेल तर निम्मे आठवडे तुम्ही आघाडी घेऊनच सुरू करता.

पण हेलबक एकच आहे. बाकी गोलींचा वर्षावर्षाला भरवसा नसतो. नॅशव्हिलचा यूसे सारोस २०२३-२४मध्ये ३५ सामने जिंकला होता. पुढच्या वर्षी संघाने मोठमोठी नावं आणली, सगळ्यांनी सारोसला वरच्या फेऱ्यांत उचललं, आणि तो २० विजयांवर थांबला. तो वाईट गोली झाला म्हणून नव्हे, तर त्याच्यापुढचा संघ विस्कटला म्हणून. वरच्या फॉरवर्डचं असं होत नाही. संघ हरला तरी पास्त्रनाकचे शॉट जातच राहतात. गोलीचा विजय मात्र बाकी अठरा जणांच्या हातात.

तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांत स्केटर. तिसऱ्या ते पाचव्या फेरीत पहिला गोली, आणि सातवी फेरी उलटायच्या आत दुसरा. हेलबक पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी उरला तर तेवढा अपवाद करा, यजमानांचंही मन राखलं जाईल. निवडताना तीन गोष्टी बघा. गेल्या वर्षी किती सामन्यांत सुरुवात केली. पंचावन्नच्या वर असेल तर उत्तम. त्याचा संघ किती शॉट खाऊ देतो. आणि त्याच्यामागचा दुसरा गोली कोण. तो तरुण आणि चांगला असेल तर सामने वाटले जाणार. लिनस उलमार्कने २०२२-२३मध्ये बॉस्टनसाठी ४० सामने जिंकून व्हेझिना मिळवली, तरी तो ४९ सामन्यांतच दिसला. बॉस्टन इतकं जिंकत होतं की तेवढे पुरले. दर वर्षी असं घडत नाही.

यंदा आणखी एक. फेब्रुवारी २०२६मध्ये मिलान-कोर्टिनाच्या ऑलिम्पिकसाठी एनएचएल थांबणार आहे, आणि ८२ सामने तर व्हायलाच हवेत. म्हणजे आधी-नंतर सामन्यांची दाटी. लागोपाठ दोन रात्री सामने असले की कोच एका रात्री मुख्य गोलीला बसवतो. चांगल्या संघाचा राखीव गोली अशा आठवड्यात मोफत विजय देऊन जातो. त्याला एक-दोन दिवसांसाठी घ्यायचा आणि सोडायचा. हे काम यजमानांकडे द्या. गोलींवर त्यांचा जीव आहे, ते मनापासून करतील.

प्रश्न : काकू, मी तेरा वर्षांचा आहे आणि स्कारबरोत राहतो. (हे आई मराठीत लिहून देतेय.) मला माझ्या संघात फक्त आमच्या टोरांटोच्या संघाचे, मेपल लीफ्सचे, खेळाडू घ्यायचे आहेत. दादा म्हणतो, मूर्खपणा आहे. आहे का?

उत्तर : मूर्खपणा मुळीच नाही, बाळा. ज्या संघाने १९६७नंतर स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) उचललेला नाही त्याच्यावर इतका जीव लावणं सोपं नसतं. पण तुला जिंकायचंही असेल, तर दोन अडचणी आहेत त्या ऐक.

पहिली: तुझे सगळे खेळाडू एकाच रात्री खेळतील. लीफ्सचा सामना बहुतेक शनिवारी असतो, आणि शनिवार हा लीगमधला सगळ्यात गर्दीचा दिवस. त्या रात्री तुझ्याकडे तीन सेंटर असले तरी जागा दोन. तिसरा तुझ्या कागदावरच्या बेंचवर बसून गोल करेल आणि त्याचे गुण तुला मिळणार नाहीत. सोमवारी आणि बुधवारी मात्र तुझा संघ रिकामा बसलेला असेल. दुसरी: लीफ्स एखाद्या रात्री सहा गोल खाऊन हरले की तुझा सगळाच आठवडा त्यांच्याबरोबर बुडेल.

म्हणून तीन-चार जण लीफ्सचे घे, पण नीट निवडून. ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४मध्ये ६९ गोल केले होते. गेल्या वर्षी दुखापतीत ६७ सामने खेळून ३३वर थांबला. त्यामुळे काही जण त्याला थोडं खाली ढकलतील. दुसऱ्या फेरीपर्यंत तो आला तर सोडू नकोस. मिच मार्नर आता व्हेगसमध्ये आहे. १०२ पॉइंट करणारा माणूस गेला, म्हणजे पॉवर प्लेवर एक मोठी जागा रिकामी झाली. ती कुणाला मिळते ते पहिल्या आठवड्यातच बघ. विल्यम नायलँडरने गेल्या वर्षी ४५ गोल केले. तो कुठल्याही संघात हवाच. आणि मॅथ्यू नाइस. २९ गोल केलेत, धडका देतो, वय लहान आहे. दादा त्याला विसरेल. तू सहाव्या फेरीत घे.

बाकीच्या जागांवर सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार या दिवशी जास्त सामने असणाऱ्या संघांचे खेळाडू भर. त्या रात्री सामने कमी असतात, दादाचा संघ झोपलेला असेल आणि तुझा खेळत असेल. वेळापत्रक छापून भिंतीवर लाव आणि रंगीत पेनने खुणा कर.

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात मोठा पेच पडला होता. माझा स्टार खेळाडू दहा-बारा सामने कोरडा, आणि कुणी न उचललेला एक पोरगा मात्र दर सामन्यात गोल करतोय. मित्र म्हणाले, त्याला घे आणि याला सोड. यंदा तसंच झालं तर काय करावं? — कॅल्गरीहून एक वाचक

उत्तर : गोल मोजू नका, शॉट मोजा. शंभर शॉट मारले तर साधारण दहा गोल होतात, ही एनएचएलची सर्वसाधारण चाल. उत्तम नेमबाज पंधरापर्यंत राहतो. एखाद्याचे वीस-पंचवीस टक्के शॉट आत जात असतील तर ते वर्षभर टिकत नाही.

२०१७-१८मध्ये व्हेगसचा संघ नवा होता. विल्यम कार्लसनने त्याआधीच्या वर्षी कोलंबसकडून ६ गोल केले होते. व्हेगसमध्ये एकदम ४३! त्याच्या शॉटपैकी २३.४ टक्के गोल झाले होते. पुढच्या वर्षी टक्केवारी चौदाच्या आसपास आली आणि गोल २४. कार्लसन तेव्हाही चांगला खेळाडू होता आणि आजही आहे. पण त्या दुसऱ्या वर्षी ज्यांनी ४३ गोल मिळणार म्हणून त्याला वर उचललं, त्यांचे हात पोळले.

तुमचा स्टार कोरडा असेल तेव्हा दोन गोष्टी तपासा. त्याचे शॉट अजून दर सामन्याला तीन-चार पडताहेत का? तो पॉवर प्लेच्या पहिल्या गटात आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर त्याला हात लावू नका. उलट, दुसऱ्या कुणाचा असा स्टार कोरडा असेल तर तोच अदलाबदलीत मागून घ्या. नोव्हेंबरात लोक घाबरून स्वस्तात देतात. उत्तर नाही असेल, म्हणजे मिनिटं वीसवरून पंधरावर आली असतील किंवा दुसऱ्या गटात ढकलला असेल, तर मात्र नावाची भीड धरू नका.

त्या पोरालाही हीच फूटपट्टी लावा. मिनिटं वाढलीत म्हणून गोल होत असतील तर तो टिकेल. अकरा मिनिटं खेळून प्रत्येक दुसरा शॉट आत जात असेल, तर बेंचच्या शेवटच्या जागेवर घ्या आणि आटला की निरोप द्या. त्याच्यासाठी स्टार सोडू नका.

प्रश्न : आमच्या लीगमध्ये यंदा हिटची कॅटेगरी आली. फक्त धडका देणारे खेळाडू घ्यावेत का? — एडमंटन

उत्तर : एक घ्या, दोन नको. निव्वळ धडका देणारा खेळाडू गोल आणि पॉवर प्ले या दोन्हींत तुम्हाला मागे ओढतो. दोन्ही करणारे शोधा. ओटावाचा ब्रेडी टकाचुक या बाबतीत सोन्यासारखा आहे: हिट, शॉट, गोल सगळंच. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने गेल्या वर्षी ३३ गोल केले आणि धडकांनाही कमी नव्हता. हे दोघं हाती लागले नाहीत तर अगदी शेवटच्या फेऱ्यांत व्हँकूव्हरचा कीफर शेरवुड. गेल्या हंगामात त्याने ४६२ हिट दिले. आधीचा विक्रम त्याने नुसता मोडला नाही, पार मागे टाकला. वर १९ गोलही केले. त्याच्या एकट्याच्या बळावर ती कॅटेगरी बरेच आठवडे निघून जाईल.

प्रश्न : मी पुण्यात असतो. टोरांटोचा भाऊ म्हणतो, आमच्या लीगमध्ये ये. प्रवेश फी तीस डॉलर आहे, ती तो भरेल म्हणतो. सामने इथल्या पहाटे होतात. जमेल का?

उत्तर : पैशांचं आधी. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात बंदी आली आहे, आणि पैसे लावलेले फँटसी खेळही त्यात आले. तेव्हा फी भावाने भरू नये आणि तुम्हीही भरू नये. त्याला सांगा, बिनपैशांची लीग काढ, मी येतो. त्या लीगमध्ये चुरस कमी नसते. आमचा पूल कायम बिनपैशांचा आहे आणि माणसं रात्री उशिरापर्यंत गोलींवरून भांडतात.

वेळेचं म्हणाल तर तुमची सोय इथल्यांपेक्षा बरी आहे. टोरांटोचा संध्याकाळी सातचा सामना सध्या पुण्यात पहाटे साडेचारला सुरू होतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सातचा सकाळी साडेसातला. झोपायच्या आधी संघ लावून ठेवला की काम झालं. मोलाची बातमी म्हणजे आज कोणता गोली खेळणार, ती सकाळच्या सरावानंतर कळते. इथे साडेअकरा-बारा वाजलेले असतात, तुमच्याकडे रात्रीचे नऊ-साडेनऊ. जेवण झाल्यावर फोन उघडायचा, दोन्ही गोली सुरुवात करताहेत का ते बघायचं, नसेल तर बदल करायचा. इथले लोक त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेले असतात. राखीव गोली मोकळा दिसला तर तुम्ही त्यांच्या आधी उचलू शकता.

बेंचवर एक जागा जास्त मागता आली तर मागून घ्या. पहाटे कुणी ऐन वेळी बाहेर बसला तर तुम्ही बदल करायला जागे नसाल, म्हणून शंका असलेल्या खेळाडूऐवजी नक्की खेळणारा लावून झोपा. २ नोव्हेंबरला इथली घड्याळं एक तास मागे जातील. तेव्हापासून टोरांटोचा सामना तुमच्याकडे साडेपाचला, आणि गोलींची बातमी रात्री दहा-साडेदहाला.